उपासाचं चॉकलेट

आरोंद्यात कुणाच्या घरी नवीन खाऊचं पाकीट आलं की फोडण्याआधी ते गुरुप्रसाद नाईकांना दाखवावं लागे. नाही दाखवलं तर ते स्वतः चालत येत. चष्मा कपाळावरून नाकावर घेत, पाकीट उलटं करत आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लागत. प्रथिनं किती, तंतू किती, लोह किती. त्यांची सगळी नोकरी मुंबईत औषधांच्या गोदामात खोकी मोजण्यात गेली होती. निवृत्त होऊन गावी यायला निघाले आणि वाटेतच अर्धे डॉक्टर झाले. उरलेला अर्धा त्यांनी घरच्या पडवीत बसून पुरा केला.

डॉक्टर झाले तरी त्यांच्या कायमच्या ताब्यात पेशंट एकच होता, तो म्हणजे त्यांची बायको सुगंधा. सुगंधाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते आणि रक्तात साखर होती. सावंतवाडीच्या डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं, आधी साखर उतरवा, मग डोळ्याला हात लावते. सुगंधाला या ऑपरेशनची घाई होती ती माशांसाठी. खाडीतला मुडदुसा म्हणजे चवीला देव आणि काट्यांना वैरी. मागे एकदा न दिसलेला काटा घशात अडकला, जीव जायची वेळ आली, आणि तेव्हापासून ती डाळभातावर होती. जन्मभर घरादाराला मासे साफ करून घालणाऱ्या बाईने नवऱ्यापुढे तळलेला मासा वाढायचा आणि आपण वास घेत डाळ कालवायची. आपल्या ताटातला काटा आपल्याला दिसावा, एवढंच तिला हवं होतं.

गुरुप्रसादांनी हे काम अंगावर घेतलं. पहिल्या दिवशी उकड्या तांदळाची पेज बंद झाली. मग आंबा, फणस, केळी. मग डाळीसोबतचा भातही गेला आणि नाचणीची अर्धी भाकरी आली. तरी मन भरेना, म्हणून त्यांनी तिला उपास लावले. सोमवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या. देवही खूश आणि साखरही खाली, असा एका दगडात दोन पक्ष्यांचा त्यांचा हिशेब. साबुदाणा मात्र मना. साबुदाण्यात नुसता पिठूळपणा, पोषण शून्य, असं ते शेजारच्या घरांत जाऊन ऐकवून आले. मग उपासाला खायचं काय, हा प्रश्न राहिला.

तो सोडवला चंदनने. हा त्यांचा पुतण्या बोटीवर नोकरीला. सुट्टीवर येताना त्याने काकांसाठी चॉकलेटचं हे भलंमोठं खोकं आणलं. वाटीच्या आकाराच्या वड्या, वरून चॉकलेट आणि आत शेंगदाण्याचं लोणी. गुरुप्रसादांनी पाकीट उलटं केलं आणि त्यांचा चेहरा उजळला. शेंगदाणा उपासाला चालतो. दूध चालतं. कोको हे झाडाचं फळ, म्हणजे फलाहारच. आणि दोन वड्यांत पाच ग्रॅम प्रथिनं! तरी शंका नको म्हणून ते भटजींकडे गेले. भटजींनी एक वडी तोंडात टाकली, डोळे मिटून चघळली, दुसरी मागून घेतली आणि चालतं असा निर्वाळा दिला.

झालं. उपासाच्या दिवशी सकाळी दोन वड्या, दुपारी दोन, संध्याकाळी दिवा लावल्यावर दोन. बायकोला एकटीला उपास नको म्हणून गुरुप्रसादही तिच्याबरोबर उपास करायला लागले. त्यांचा उपास हळूहळू वारांच्या बंधनातून सुटला आणि दुपारच्या झोपेआधीही घडू लागला. सुगंधा एकदा म्हणाली, हे फार गोड लागतं हो. त्यावर त्यांनी तिला पाकीट वाचून दाखवलं. प्रथिनं वाचली, तंतू वाचले, लोह वाचलं. तिला अक्षर दिसत नव्हतं आणि दिसलं असतं तरी ते इंग्रजी होतं. नवरा वाचतोय म्हणजे खरं असेल, म्हणून ती खात राहिली.

साखर तपासली तर वर गेलेली. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन पुढे ढकललं. गुरुप्रसादांनी निदान केलं की उपास कमी पडतायत, आणि गुरुवार वाढवला. साखर आणखी वर गेली. आता मात्र त्यांचा संशय बायकोवर गेला. ही कुठेतरी चोरून भात खाते. तिच्या मागे कुंपणाआडून जाऊन बघणं झालं, शेजारणीला आडून विचारणं झालं, तांदळाच्या डब्याला कुलूप लागलं. डोळ्याने अधू बाई भिंत चाचपत विहिरीवर जाते आणि हा बाबा माडाआड उभा राहून तिचं तोंड हलतंय का बघतोय. हसू येतं खरं, पण चीडही येते.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंपुढे त्यांनी शुद्ध मराठीत तक्रारच मांडली. मॅडम, माझ्याकडून आहारात कसूर नाही, पण पेशंट प्रामाणिक नाही. डॉक्टरीणबाईंनी सुगंधाला विचारलं, काय खाता? सुगंधा मान खाली घालून म्हणाली, "ह्येंनी दिल्यानी ताच खालंय."

गुरुप्रसादांनी खिशातून घडी केलेलं पाकीट काढलं. पुरावा ते बरोबरच बाळगत. उपासाला दिवसाला सहा वड्या देतो, असं सांगून प्रथिनांची ओळ त्यांनी खणखणीत वाचली. डॉक्टरीणबाईंनी पाकीट हातात घेऊन वरच्याच एका ओळीवर बोट ठेवलं. दोन वड्यांत एकवीस ग्रॅम साखर. म्हणजे पाच चमचे, त्या म्हणाल्या, आणि दिवसाला सहा वड्या. ही ओळ तुम्ही वाचलीच नाही?

इथे गुरुप्रसादांचं शुद्ध मराठी सुटलं.

"वाचलंय मां," ते म्हणाले. "पण उपासाक साखर चालता."

सुगंधाने धुरकट डोळे आवाजाच्या दिशेने वळवले. म्हणजे याला ठाऊक होतं. ती ओळ त्याने तिला कधी वाचून दाखवली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी मग न विचारता गुरुप्रसादांचंही बोट टोचलं. आकडा बायकोपेक्षा वरचा निघाला. गुरुप्रसादांनी मशीन बदलून बघायला सांगितलं. दुसऱ्या मशीनने तर थोडा आणखी वाढवून दिला.

घरी आल्यावर सुगंधाने खोकं चाचपून बघितलं. ते रिकामं होतं. तिने तांदळाच्या डब्याची किल्ली मागून घेतली आणि त्या दिवसापासून आपलं जेवण आपण ठरवलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली गोळी आणि सांगितलेलाच मोजका भात. तुळशीचं लग्न झालं तोवर साखर उतरली आणि एक डोळा झाला, मग दुसरा.

पट्टी सुटल्यावरच्या बुधवारी तिने खाडीवरून मुडदुसे आणले. दोघं जेवायला बसली. गुरुप्रसादांना मासे बाधतील का, यावर ते स्वतःच काही वाचलेलं सांगू लागले. मग कोपऱ्यातलं मसाल्याचं पाकीट उचलून त्यांनी सवयीने चष्मा नाकावर घेतला. सुगंधाने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली. "आता माका दिसता."

मग तिने ताटातला मासा उलगडला आणि एकेक काटा काढून त्यांच्यासमोर ताटाच्या कडेला ठेवत सावकाश जेवली.