अठरावं शौचालय

काम पूर्ण झालं की त्याचा किस्सा होत नाही. नळ आला, पाणी आलं, विषय संपला. आमच्या वॉर्ड ऑफिसात किस्से इतके का साचलेत, ते आता तुम्हीच ओळखा!

मी तिथे हेडक्लार्क. चारकोपहून रिक्षा करून रोज पावणेदहाला टेबलावर हजर. आणि एप्रिल आला की दरवर्षी एक काम न चुकता माझ्या गळ्यात पडतं, ते म्हणजे वार्षिक अहवाल. 'वर्षभरात केलेली कामे व पुरवलेल्या नागरी सुविधा.' नाले किती साफ केले, झाडं किती लावली, शौचालयं किती चालू आहेत. हा अहवाल कोणी वाचत नाही, असं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते खरं असतं तर फार बरं झालं असतं.

मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "तुझ्या ऑफिसचं काहीतरी सांग ना, मजा येते!" सांगते. पण सगळे किस्से एकाच संडासाचे आहेत. हातातला वडा आधी संपवून घ्या.

*

अहवालाचं माझं पहिलंच वर्ष. मी साहेबांना विचारलं, "आकडे कुठून आणायचे?"

साहेब म्हणाले, "गेल्या वर्षीची फाइल उघडा, वर्ष बदला, प्रिंट काढा. आकडे काय पळून जातात का?"

मी तेव्हा कामसू होते. एकेका ठिकाणी २०१७ चं २०१८ कोण करत बसणार? कॉम्प्युटरला हुकूम सोडला, जिथे जिथे १७ आहे तिथे १८ कर. एका सेकंदात काम झालं! लावलेल्या १७०० झाडांची १८०० झाली आणि महिलांसाठीची १७ शौचालयं १८ झाली. मला पत्ताच नाही.

साहेबांनी अहवाल चाळला. "वा प्रधानबाई! एक शौचालय वाढलं की हो! प्रगती दिसतेय!"

चूक माझ्या लक्षात आली तोवर अहवाल वर जाऊन पोचला होता. मी घाबरत साहेबांकडे गेले. "सर, माझ्या हातून एक शौचालय जास्त पडलंय. पुढच्या अहवालात कमी करू?"

साहेब खुर्चीत ताठ बसले. "कमी? म्हणजे एक पाडलं असं होईल! पाडल्याची परवानगी आहे? पंचनामा आहे?"

"सर, पण ते बांधलंच नव्हतं."

"बांधलं का, असं कोणी विचारत नाही बाई. पाडलं का, असं विचारतात!"

त्या दिवशी मी गप्प बसले. माझ्या नोकरीतली सगळ्यात महागात पडलेली गोष्ट म्हणजे ते गप्प बसणं, आणि ती मला महागात पडली नाही, हेच तर वाईट.

*

पुढच्या वर्षी वरून नवा नमुना आला. त्यात 'ठिकाण' असा रकाना होता. झाली पंचाईत! सतरा ठिकाणं लिहून झाली. अठरावं कुठलं लिहू?

आमचा इंजिनियर परब समोरच बसतो. माणूस वाईट नाही, फक्त प्रत्येक गोष्ट त्याला सोपी वाटते. म्हणाला, "मॅडम, मासळी बाजार टाका ना."

खाडीकाठच्या कोळीवाड्याचा तो बाजार. वर पत्रे, खाली ओले ओटे, चाळीसएक बायका पाट्या घेऊन बसतात. मी म्हटलं, "अरे परब, तिथे शौचालय नाहीये."

"पण असायला पाहिजे की नाही? मग? गरजेच्या जागीच टाकतोय ना आपण!"

मी लिहिलं. माझ्या अक्षरात. 'अ.क्र. १८, मासळी बाजार, महिला, सुस्थितीत.' 'सुस्थितीत' मात्र मी नव्हतं ठरवलं. वरच्या सतरांपुढे तेच होतं, म्हणून आलं.

*

त्यानंतर महिनाभरात गुलाबमावशी आली. वय साठीच्या पुढे, कानात जड सोनं, कमरेला ओचा खोचलेला. चाळीस वर्षं त्याच बाजारात पापलेट-बोंबील विकते. सोबत सून होती, बारावी झालेली. तिनं अर्ज नीट लिहून आणला होता: आम्ही सकाळी सहापासून संध्याकाळी पाचपर्यंत बाजारात असतो, बायकांसाठी संडास नाही, खाडीतल्या तिवरांच्या झाडीत जावं लागतं, समोर टॉवर झाल्यापासून तिथेही आडोसा उरला नाही, तरी कृपा व्हावी.

मावशी म्हणाली, "बाई, माजा काय, माजी गेली हयात. पन ही सून बाजारात बसाला तयार नाय. बोलते, आई, तिथं जायाचं कुठं? तिचं काय चुकतंय? ही बसली नाय तर माज्या मागं माजी जागा गेली."

आठ दिवसांनी अर्जावर उत्तर निघालं. टाइप मीच केलं. 'विषयांकित ठिकाणी महिला शौचालय सुस्थितीत अस्तित्वात असल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

दुसऱ्या दिवशी मावशी तो कागद घेऊन परत हजर. रागावलेली बिलकुल नव्हती, रागावली असती तर ते एक वेळ परवडलं असतं. टेबलावर कागद ठेवला आणि बोलली, "बाई, सून बोलते का यात संडास हाय असं लिवलंय. मंग कुठं हाय तो दावा ना! आमी आत्ताच जाताव!"

हॉलमधले सगळे खदखदून हसले. मीही हसले. आज त्या हसण्याची लाज वाटते.

*

कोळणीला कोणी भोळी समजू नये. सगळ्या शहराशी घासाघीस करून ती उभी राहिलेली असते.

मावशीनं सुनेला सांगितलं, नाय तर नाय, हाय असंच धरून चल. सुनेनं मोबाइलवरून तक्रार टाकली: 'मासळी बाजारातले महिला शौचालय अत्यंत घाण आहे, त्वरित साफ करावे.'

दोन दिवसांत उत्तर! 'पाहणी करून शौचालयाची स्वच्छता करण्यात आली आहे. सोबत फोटो. तक्रार निकाली.'

मावशी फोन घेऊन माझ्याकडे. "बगा बाई, साफ केला!"

मी फोटो पाहिला. पांढऱ्या फरशा, निळी बादली आणि मागे खुंटीवर माझी छत्री. आमच्याच ऑफिसचं लेडीज टॉयलेट! परबच्या माणसानं जवळचं पडलं म्हणून तिथलाच फोटो काढून चिकटवला होता.

फोटो कुठला आहे ते मी मावशीला खरं सांगितलं. मला वाटलं, आता ही ओरडेल. ती म्हणाली, "मंग चला, दावा. आमचाच हाय ना तो?"

मी तिला घेऊन गेले. बाहेर आल्यावर पदराला हात पुसत म्हणाली, "चांगला ठेवलाय. बाजारापासून जरा लांब हाय, इतकंच!"

*

शेवटी मी परबला धरलं. "हे बघ, ते शौचालय बांध. माझ्या डोक्याला रोज ताप होतोय."

"मॅडम, नवीन मंजूर होणार नाही. तिथे आहे ना ऑलरेडी!"

"मग?"

परबनं डोकं खाजवलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "दुरुस्ती! दुरुस्ती मंजूर होऊ शकते!"

आणि खरंच झाली. दुरुस्तीच्या नावाखाली पाया खणला, भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला, तीन दरवाजे बसले. गुलाबी रंगसुद्धा लागला. त्या वर्षीच्या अहवालात ओळ गेली: 'मासळी बाजार शौचालय, किरकोळ दुरुस्ती.'

ते पाहायला मी मुद्दाम रिक्षानं बाजारात गेले. गुलाबमावशीनं सगळ्या बायकांना ओरडून सांगितलं, "ही बाई! हिच्यामुलं झाला!" एकीनं माझ्या पिशवीत जबरदस्तीनं बोंबलाचा वाटा टाकला. मी घेतला. माझ्यामुळे काय काय झालं होतं ते त्यांना सांगायला तोंड उघडेना. पण खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी खुश होते. बायकांना दरवाजा मिळाला होता, आणि माझी चूक विटांनी भरून निघाली होती. सून दुसऱ्या दिवसापासून बाजारात बसणार होती.

*

मग उद्घाटन. त्या वेळी वॉर्डात आजी नगरसेवक कोणीच नव्हता, निवडणुकाच झाल्या नव्हत्या. माजी मात्र तीन होते, आणि तिघांचं म्हणणं एकच, "हे माझ्या पाठपुराव्यानं झालं!"

साहेबांनी निकाल दिला. "दरवाजे किती? तीन. माजी किती? तीन. लावा तीन रिबिनी!"

तिघांनी तीन रिबिनी कापल्या, तिघांनी तीन संडासांपुढे उभं राहून फोटो काढले. बायकांनी फुलं उधळली. तासाभरानं पाहुणे पांगले आणि परबच्या माणसानं तिन्ही दरवाज्यांना कुलपं घातली.

मावशीनं विचारलं, "कुलूप कशाला रं?"

"पाणी नाही अजून. कनेक्शन आलं की उघडू."

*

पाण्याच्या खात्याकडे मीच पत्र लिहिलं. उत्तर आलं: 'सदर शौचालय जुने असल्याने नवीन जोडणी देता येत नाही. जुन्या जोडणीचा क्रमांक कळवावा.'

मी कळवलं, जुनी जोडणी नाही.

उत्तर आलं: 'पाण्याशिवाय शौचालय इतकी वर्षे सुस्थितीत कसे होते, याचा खुलासा करावा.'

मी ते पत्र घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि नोकरीत पहिल्यांदा आवाज चढवला. म्हटलं, "सर, मी खुलासा करते. मी लेखी देते की ही माझी टायपिंगची चूक होती. काय व्हायचं ते होऊ दे. बायका अजून तिवरांत जातात! सून चार दिवस येऊन बसली आणि परत घरी गेली!"

साहेब शांतपणे म्हणाले, "प्रधानबाई, खुलासा तुम्ही एकट्या नाही देऊ शकत. प्रत्येक अहवालावर माझी सही आहे, परबची आहे, वरच्या साहेबांची आहे. तुमच्या एका चुकीसाठी आम्ही सगळे खोटे ठरायचं का?" मग पत्र माझ्याकडे सरकवत म्हणाले, "पेन्शनला किती वर्षं राहिली तुमची?"

मी बाहेर आले. खुलासा लिहिला होता, तो ड्रॉवरमध्ये ठेवला. अजून तिथेच आहे. मी स्वतःला काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

किल्ल्यांचा जुडगा परबच्या टेबलामागे भिंतीवर खिळ्याला लटकत असायचा. मावशी दर सोमवारी यायची, जुडग्याकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि जायची. सोमवारी गिऱ्हाईक कमी असतं.

*

त्याच वर्षी वरच्या ऑफिसनं स्वच्छ शौचालय स्पर्धा काढली. सगळ्या वॉर्डांची शौचालयं तपासायला समिती फिरली. आमच्या सतरांमध्ये त्यांनी नाकाला रुमाल लावला. अठराव्याची कुलपं परबनं स्वतः उघडली.

समिती थक्क! फरशीवर डाग नाही, भिंतीवर पिचकारी नाही, वास तर नाहीच. समितीतल्या एक बाई म्हणाल्या, "मासळी बाजारात असून इतकं स्वच्छ? कसं काय राखता हो?"

परब नम्रपणे म्हणाला, "लोकसहभाग, मॅडम!"

पहिला नंबर आला.

बक्षीस समारंभ नाट्यगृहात, दुपारी बाराला. वरून निरोप आला की एक लाभार्थी महिला पारंपरिक वेशात आणावी. साहेबांनी गुलाबमावशीला बोलावलं. मला वाटलं, ती येणार नाही. पण आली. भरजरी लुगडं, गळ्यात सोनं, केसांत अबोली. सकाळचा धंदा अर्धवट सोडून, पाटी शेजारणीकडे ठेवून आली होती. तिला सांगून ठेवलं होतं की बक्षीस मिळालं की पाणी लवकर येईल.

स्टेजवर साहेबांनी ढाल घेतली. टाळ्या! निवेदिकेनं माइक मावशीपुढे धरला. "मावशी, सांगा ना, कसं वाटतं तुम्हाला तुमचं शौचालय?"

साहेबांनी ढाल छातीशी घट्ट धरलेली मला खालून दिसत होती.

मावशीनं सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली. "झकास हाय," ती म्हणाली. "भायेरून."

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. निवेदिका म्हणाली, "किती गोड!"

मावशी खाली येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. एसी असूनही तिच्या कपाळावर घाम होता, ओठ सुकून पांढरे पडले होते. स्वयंसेवक सगळ्यांना बाटल्या वाटत होते. मी तिच्यासाठी एक घेतली, झाकण उघडलं आणि पुढे केली. "मावशी, पाणी पी गं. सकाळपासून काही घेतलं नाहीस."

तिनं बाटलीकडे पाहिलं आणि माझा हात हळूच मागे सारला.

"नको बाई. पाच वाजेपर्यंत बाजारात बसायचंय मना."