शेजूळच्या वहीतली ओळ

नवा प्रोग्राम आला की भानुदास शेजूळ त्याला पाव्हणा म्हणत असे. ‘‘पाव्हण्याला पंधरा दिवस ठेवून घ्या साहेब. पहिल्या दिवशी समदेच पाव्हणे गोड बोलतात.’’ ते पंधरा दिवस तो त्या प्रोग्रामला छळायचा. चालू कामात वायर उपटायचा, मशीन मध्येच बंद करायचा, आणि काय घडलं ते निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत टिपून ठेवायचा. मी महाविद्यालयाच्या संगणक विभागाचा प्रमुख होतो आणि तो प्रयोगशाळेतला हंगामी मदतनीस. वही मात्र त्याच्याकडे होती, माझ्याकडे नव्हती.

बारा वर्षांपूर्वी आम्ही प्राध्यापकांची व्याख्यानं चित्रित करून ठेवू लागलो. एकाच मशीनवरून पन्नास जण फायली ओढू लागले की सगळंच अडायचं. तेव्हा शेजूळने कुठून तरी एक जुना प्रोग्राम शोधून काढला. तो बनवणाऱ्यांनी त्याला केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं. त्यात मधलं मोठं मशीन लागत नसे. ज्याला फाईल मिळाली, त्याच्याकडून ती पुढच्याला मिळायची. प्राचार्यांना शेजूळने आमच्या शहराच्या भाषेत समजावलं, ‘‘आठ दिवसांनी नळ येतो, साहेब. एका नळाखाली पन्नास हंडे लावण्यापरीस, ज्याचा भरला त्यानं शेजारच्याला ओतावं.’’

प्राचार्य हसले आणि त्यांनी तपासणीचा अहवाल मागितला. पंधरा दिवस शेजूळ त्या पाव्हण्याच्या मागे लागला. आमच्या जुन्या मशीनवरही तो चालला. अर्ध्यात वायर काढली तरी फाईल जिथं थांबली तिथूनच पुढे सरकली. माझ्या मशीनवर व्याख्यान उतरलं, तसा मी प्रोग्राम बंद केला; माझ्याकडून पुढच्यांना फाईल जायची थांबली. शेजूळ मागेच उभा होता. ‘‘तुमचं झालं की लगेच दुकान बंद, साहेब? मागच्यांनी काय करावं?’’ मला हसू आलं. हे वाक्य पुढे किती टोचणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

प्रोग्राम इंग्रजीत होता, म्हणून प्रत्येक मशीनशेजारी मराठी सूचनांचा कागद चिकटवायचं ठरलं. ज्या कप्प्यातल्या फायली सगळ्यांना मिळतात, त्याला मी ‘वाटणी’ असं नाव दिलं. शेजूळने मान हलवली.

‘‘नको साहेब. वाटणी म्हणलं की आमच्याकडं बांध पडतो. ज्याचं त्याला. हितं उलटं हाय. हितं टाकलं की समद्यांचं. ‘खुलं’ लिहू.’’

‘‘खुलं? हा काय शब्द झाला? आपण महाविद्यालयात आहोत, शेजूळ, बाजारात नाही.’’

कागदावर ‘वाटणी’च राहिलं, पण आपलं म्हणणं त्याने वहीत लिहिलं. अहवाल टंकायला त्याने वही माझ्याकडे दिली. मी सगळं उतरवलं, ती ओळ तेवढी गाळली. माझ्या शब्दात हंगामी मदतनिसाने काढलेली खोट माझ्याच सहीच्या कागदावर मला नको होती.

दोन महिन्यांनी रसायनशास्त्राच्या बाईंनी पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका ‘वाटणी’त ठेवली. वाटणी म्हणजे आपल्या विभागाच्या वाट्याचा कप्पा, असाच त्यांचा समज झाला. त्यांचीही माहेरची शेती होती. परीक्षेआधीच प्रश्नपत्रिका वर्गभर फिरली आणि परीक्षा रद्द झाली.

चौकशीत प्राचार्यांनी विचारलं, ‘‘हा धोका तपासणीत कुणाच्याच लक्षात आला नाही?’’

शेजूळ म्हणाला, ‘‘आला होता. वहीत लिवलंय मी. वही साहेबांकडं हाय.’’

वही माझ्या टेबलाच्या खणात होती. निवृत्तीला वर्ष उरलं होतं, आणि जाताना नावाला डाग नको होता. मी म्हणालो, ‘‘ती मी तुला परत दिली होती, शेजूळ.’’

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, ‘‘साहेब म्हणतात म्हणजे दिली असंल. घरी बघतो.’’

घरी वही सापडणार नव्हतीच. जूनमध्ये त्याची नेमणूक पुन्हा झाली नाही.

गेल्या महिन्यात मी पुंडलिकनगरच्या घरून रिक्षाने औरंगपुऱ्यात गेलो. तिथल्या एका बोळात त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. केस पिकलेत. ‘‘या साहेब,’’ म्हणत त्याने स्टूल पुसून पुढे केलं. मी पिशवीतून वही काढून त्याच्या हातात दिली.

‘‘ही कुठं घावली?’’

‘‘माझ्याकडेच होती. पहिल्यापासून.’’

त्याने पानं उलटून ती ओळ शोधली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. मग फोन उचलून घरी बायकोला लावला.

‘‘आगं, ती निळी वही... तू रद्दीत घातली नव्हती.’’ थोडा वेळ तो ऐकत राहिला. ‘‘व्हय. साहेबांकडं. नाय, चुकून नाय.’’

फोन ठेवून तो म्हणाला, ‘‘लई बोललो होतो तिला. शपथ घेतली तिनं, तरी ऐकलं नाय. मग मलाच वाटाया लागलं, आपण लिवलंच नसंल. बारा वर्षं, साहेब. कुणाचं मशीन दुरुस्त केलं तरी दोनदा उघडून बघतो. सोताच्या हातावर भरवसा नाय राहिला.’’

मी माफी मागितली. त्याने वही मिटून माझ्या पिशवीत ठेवली.

‘‘राहू द्या. वाटणीत तुमच्याकडं आलीय.’’

मी उठलो. पायरी उतरताना मागून त्याचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता.

‘‘समद्यांना पंधरा दिवस ठेवून बघितलं, साहेब. तुम्हालाच नाय बघितलं.’’

त्यानंतर मी दोनदा फोन केला. त्याने उचलला नाही. म्हणून अहवालातून मी गाळलेली ती ओळ त्याच्या अक्षरात आहे तशी इथे उतरवतो आहे. बाई, प्राचार्य, तेव्हाचे विद्यार्थी, ज्याला हवी त्याने वाचावी:

‘वाटणी हा शब्द घातक. लोक आपलं समजून ठेवतील आणि ते सगळ्यांना जाईल. खुलं असं लिहावं. साहेबांना सांगितलं आहे. – भा. शेजूळ.’