पहिली निवड, डावा कोपरा

"मॅडम, उद्या प्राजक्तालाच घ्यायचं. विषय संपला," असं म्हणत भाऊसाहेबांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. रीलमध्ये एक पोरगी सुसाट चढाया करत होती. मागे ढोल-ताशा लावलेला.

भाऊसाहेब लासलगावचे कांदा व्यापारी आणि आमच्या महिला कबड्डी टीमचे मालक. मी कोच. अठ्ठावीस वर्षं शाळेत पीटी शिकवून रिटायर झाले, पण शिट्टी काही सुटली नाही. आमच्या लीगमध्ये ड्राफ्ट असतो. म्हणजे सगळे मालक एका हॉलमध्ये बसतात आणि चिठ्ठीने ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात. यंदा पहिला नंबर आमचा होता.

प्राजक्ता आली की कविताची जागा गेली, हे उघड होतं. कविता सुरगाण्याकडची, आमची कॅप्टन आणि मुख्य चढाईपटू. चार सीझन तिने टीम ओढली होती. पण मागच्या सीझनला तिचे गुण निम्म्यावर आले. ते माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात होतं, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी कविता ग्राउंडवर आली. इकडचं तिकडचं काही नाही.

"मॅडम, खरं सांगा. माझं संपलं का?"

"कोण म्हणालं?"

"कोणी कशाला म्हणाय पायजे? मी आले की पोरी गप होत्यात. संपलं असंल तर तुम्हीच सांगा. दुसऱ्याच्या तोंडून नाय ऐकायचं मला."

"उद्या सकाळी सांगते," म्हणाले आणि घरी आले. मला स्वतःचाच राग आला होता. एवढ्या वर्षांची कोच, आणि एका साध्या प्रश्नाला उत्तर नाही!

गंगापूर रोडवरच्या माझ्या फ्लॅटमध्ये गेल्या सीझनचे व्हिडिओ लावून बसले. चहा दोनदा गार झाला. तिसऱ्या मॅचला लक्षात आलं की मी मघापासून कविताला शोधतेच आहे. बाई मॅटवर आहे कुठे? ती बाहेर बसलेली. मग शाळेतलं जुनं स्टॉपवॉच काढलं. तीस मिनिटांच्या मॅचमध्ये कविता सोळा मिनिटं बाहेर!

आता नियम सांगते. कबड्डीत बाद झालेली खेळाडू बाहेर बसते. आपल्या टीमने समोरची एखादी बाद केली, तरच ती जिवंत होऊन परत येते. आमचा बचाव कोणाला पकडतच नव्हता, विशेषतः डावा कोपरा. साखळीच्या त्या टोकाच्या मुलीने चढाईवालीचा घोटा धरायचा असतो. आमची मुलगी घोटा समोर आला की डोळे मिटून घ्यायची. मग कविताला जिवंत करणार कोण? माझ्या वहीत चढाया होत्या, गुण होते. बसलेल्या मिनिटांचा रकानाच नव्हता. वहीचा काय तोरा होता मला!

सकाळी कविताला एवढंच म्हणाले, "संपलेलं नाही. चूक माझी होती." तिने बुटाची लेस दोनदा बांधली.

मग हॉलच्या दारात भाऊसाहेबांना गाठलं.

"भाऊसाहेब, ट्रॉलीतला वरचा कांदा बघून बोली लावता का?"

"येडा हाय का मी? पार आत हात घालून खालचा काढतो. वर तर सगळेच चांगला माल ठेवत्यात."

"मग ते रील काय आहे?"

भाऊसाहेबांनी मोबाईल खिशात टाकला. मी व्हिडिओ आणि स्टॉपवॉचचे आकडे दाखवले.

"मग घ्यायचं कोण?"

"मनीषा. चांदवडची. डावा कोपरा."

"तिचं रील हाय का?"

"नाही."

"मग बरी असंल," ते म्हणाले.

पहिली निवड म्हणून मनीषाचं नाव पुकारलं तेव्हा हॉलमध्ये लोक मोकळेपणाने हसले. पुढच्या टीमने प्राजक्ताला लगेच उचललं. "मॅडम, हरलो तर तुमचं काय खरं नाय," भाऊसाहेब कानात पुटपुटले.

तिसरीच मॅच प्राजक्ताच्या टीमशी. शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणाने मागे, कविता बाहेर बसलेली. प्राजक्ता चढाईला आली, खरंच काय वेग होता तिचा! डाव्या टोकाला पाय टाकला आणि मनीषाने घोटा असा धरला की बाकीच्या पोरी पोचायच्या आत काम झालं. बरोबरी. कविता उडी मारूनच मॅटवर आली, शेवटच्या चढाईला गेली आणि दोघींना शिवून परतली. जिंकलो! मी शिट्टी तोंडात धरून रडत होते, हेही लिहून ठेवते.

कविता माझ्याकडे आलीच नाही. आधी मनीषाला उचललं.

सेमीफायनलला आम्ही हरलो, कप दुसऱ्यांनी नेला. भाऊसाहेब मात्र मार्केट यार्डात सांगत फिरतात, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, कोपरा घ्या!"

वहीत आता नवा रकाना आहे: बाहेर बसलेली मिनिटं. तो भरला की मी बसलेल्या मुलीला बोलत नाही. तिला बसवून कोणी ठेवलं, ते आधी बघते. बऱ्याचदा त्यात माझंही नाव निघतं.