पालखीचा पहिला मान

त्या इतिहासकाराला गावात बोलावलं मीच. विकतचं दुखणं, दुसरं काय! मोबाईलवर त्याची भाषणं अख्खा तालुका ऐकायचा, मीही ऐकायचो. आमच्या घरात एक जुना मोडी कागद होता. शिमग्याला देवीची पालखी पहिली आमच्याच दारात येते, त्या मानाचा हा कागद, असं पणजोबांपासून सांगत आलेले. दसऱ्याला आम्ही त्याला हळदकुंकू वाहायचो. वाचला मात्र कुणीच नव्हता. मोडी येतंय कुणाला?

व्याख्यानाच्या दिवशी दुपारी तो आमच्याकडे जेवायला आला. ओटीवर बसून त्याने कागद उलगडला, दोनदा वाचला आणि गालात हसला.

"काय लिवलंय, साहेब?" बाबांनी विचारलं.

"संध्याकाळी सांगतो, काका. मजा येईल."

मग जेवला. बोर्लीच्या बाजारातून सकाळीच आणलेली सुरमई, दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी देवळापुढे सगळं गाव बसलेलं. पडद्यावर आमचा कागद, हा एवढा मोठा! साहेबांनी एकेक ओळ वाचून दाखवली. मान मुळात खालच्या आळीतल्या घराण्याचा. त्यांचा कर्ता पुरुष गेला, मुलगा लहान, म्हणून तो जाणता होईपर्यंत मान आमच्याकडे सांभाळायला दिलेला.

"आणि यांनी तो परत दिलाच नाही!" असं म्हणून तो थांबला, लोकांनी हसावं म्हणून. लोक हसले.

बाबा ऐंशीचे. काठी टेकत उठले. "मंग यंदापासून त्यांचा," म्हणाले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यासुद्धा मेल्याने व्हिडिओत घातल्या.

तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. पण दुपारीच बाबांच्या कानात सांगितलं असतं तर? त्यांनी आपणहून गावापुढे मान परत केला असता, ताठ मानेनं. पण मग भाषणाला रंग कुठून चढणार! खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस. गाडीपाशी गाठून मी त्याला हे विचारलंच.

"इतिहासात भावनेला जागा नसते," म्हणाला.

"आणि जेवणाला असते व्हय?" मी म्हणालो. त्याने काच वर केली.

शिमग्याला पालखी पहिली खालच्या आळीत गेली. आमच्या दारात येईपर्यंत उन्हं कलली. बाबा सकाळपासून उपाशी, आरतीचं ताट घेऊन ओटीवर बसलेले. पालखी टेकली तसे उठले, देवीपुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "आलीस व्हय गं आई? मला वाटलं, आता आमच्याकडं येत न्हाईस."