कानाला लावलेला कॅमेरा

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात आमच्या गावी बनलेला एक कॅमेरा दिसला. मी तो उचलून, डोळ्याला लावायचं सोडून, थेट कानाला लावला.

"काका, फोन नाहीये तो!" दुकानदार हसला.

आता याला काय सांगणार? गावातल्या कॅमेऱ्यांच्या कारखान्यात माझी आई शटरचा खटका कानाने तपासायची. कॅमेरा ही ऐकायची वस्तू आहे, असं शाळेत ठासून सांगून मी वर्गभर हशा पिकवला होता. कारखाना पुढे बंद पडला.

मी कळ दाबली. खट्... आणि बऱ्याच वेळाने टक्.

"अडकतोय तो. हा जपानी घ्या, मस्त चालतो."

मी अडकणाराच घेतला. आई असती तर तिने हा नक्की नापास केला असता. पण नापास करायला का होईना, एकदा कानाला लावला असता.