पंप कुणी चालू केला

आमच्या फुटबॉल क्लबचे मैदानवाले काका या महिनाअखेरीस निवृत्त होतायत. समितीने मला सांगितलं, "तुम्ही सचिव, तुम्हीच त्यांच्यावर चार शब्द लिहा, वार्षिक अंकात छापू." मी चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा कागद फाडला. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ असलं काहीतरी खरडून मी मोकळी होईन अशी सगळ्यांची अपेक्षा असणार. पण काका मनमिळाऊ वगैरे अजिबात नाहीत. आणि त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर आधी स्वतःबद्दल लिहावं लागतं. तिथेच माझं घोडं पेंड खातं.

खेळाडू त्यांना डॉक्टर म्हणतात. त्याला कारण त्यांचा स्क्रू ड्रायव्हर. वीतभर लांब दांड्याचा, मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेला, आणि दांड्यावर मध्येच पिवळ्या रंगाची एक खूण. रोज सकाळी सहाला काका मैदानात बारा ठिकाणी वाकून तो जमिनीत खुपसतात. खुणेपर्यंत सहज गेला तर खाली ओल आहे, पाणी नाही. वरच अडला तर पाणी. एवढीच त्यांची तपासणी. "काय डॉक्टर, पेशंट कसा आहे?" असं कुणी विचारलं की ते मान वर न करता म्हणतात, "पेशंट बरा आहे. तू तुझे बूट बघ, अर्धं मैदान घरी घेऊन चाललायस."

बावीस वर्षं हा माणूस एका मैदानाशी बोलतोय. गवत ते उंचच ठेवतात, कापलेलं तिथेच पसरून देतात, "त्याचं त्यालाच खाऊ द्या" म्हणतात. खताच्या गोण्या घेऊन एक विक्रेता आला होता, त्याला त्यांनी गेटवरूनच परत पाठवला. मी तेव्हा त्यांच्यावर भडकले होते. मला विचारायचं नाही का? सचिव कोण, मी की तुम्ही? काका म्हणाले, "सचिव तुम्हीच, ताई. पण गवत माझं आहे."

तीन वर्षांपूर्वी क्लबने ठरवलं, मैदानाला बोअरचं पाणी द्यायचं नाही. आजूबाजूच्या विहिरी आटत चालल्या होत्या आणि आम्ही चेंडू लाथाडण्यासाठी जमिनीतलं पाणी उपसत होतो. मग खेळाडूंच्या अंघोळीचं पाणी वाळू-खडीतून गाळून एका टाकीत साठवायचं आणि तेच गवताला द्यायचं, अशी योजना झाली. भाषण मी केलं, टाळ्या मला मिळाल्या, आणि वाळू-खडीच्या पाट्या काकांनी वाहिल्या.

त्या दिवसापासून काका खेळाडूंच्या मागे हात धुऊन लागले. सामना संपला की कपडे बदलायच्या खोलीच्या दारात उभे. "बाबांनो, घरी जाऊन अंघोळ करू नका, इथेच करा! माझं गवत तुमची वाट बघतंय!" कुणी शॅम्पूची अख्खी बाटली रिकामी केली की टाकीत फेस यायचा आणि काकांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "लग्नाला चाललायस का?" म्हणून ते त्या पोराला सगळ्यांदेखत झापायचे. पोरं हसायची, पण अंघोळ इथेच करायची.

बोअरच्या पंपाच्या पेटीला कुलूप लागलं. एक किल्ली काकांच्या कमरेला, दुसरी माझ्या कपाटात. पंप बंद राहिलेल्या दिवसांचा आकडा काका अवजारांच्या खोलीच्या दारावर खडूने लिहायचे. रोज सकाळी जुना पुसून नवा. आकडा शंभर झाला त्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर लिमलेटची गोळी ठेवली. असला खडूस माणूस, आणि गोळी!

आकडा तीनशेच्या वर गेला तेव्हा फुटबॉल महासंघाचं पत्र आलं. पर्यावरण सांभाळणाऱ्या क्लबांना ते 'हरित क्लब' म्हणून प्रमाणपत्र देणार होते. दोन तपासनीस मैदान बघायला येणार होते. आणि नेमकी तेव्हा सुट्टी चालू होती. सामने नाहीत, सराव नाही, म्हणजे अंघोळी नाहीत, म्हणजे टाकीत पाणी नाही. योजना आखताना हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात आलं नव्हतं. बघता बघता उत्तरेकडच्या गोलपोस्टजवळचा कोपरा पिवळा पडला.

मी काकांना म्हटलं, "अहो, हे काय दाखवायचं पाहुण्यांना?"

"जे आहे ते," काका म्हणाले. "गवत झोपलंय, मेलेलं नाही. पाणी नव्हतं म्हणून नाही दिलं, सांगा की तसं."

सांगा की तसं! एवढं सोपं होतं. पण माझ्या डोक्यात ते प्रमाणपत्र बसलं होतं, आणि ते घेताना माझा फोटो. तपासणीच्या आदल्या दिवशी काका बायकोला दवाखान्यात घेऊन गेले होते. भर दुपारी मी कपाटातून किल्ली काढली, पेटी उघडली, पंप चालू केला आणि तीन तास कोपरा भिजवला. भर उन्हात पाणी! काकांनी बघितलं असतं तर माझं सचिवपद बिद न बघता मला पाइपनेच भिजवलं असतं. एका दुपारच्या पाण्याने गवत हिरवं होत नाही, एवढंही मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी त्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होते. त्यांनी तो काढला, पुसला, पुन्हा खुपसला. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मी पडदा ओढला. हो, पडदा ओढला मी.

तपासनीसबाई चष्मा कपाळावर चढवून सगळं बघत होत्या. टाकी आवडली, गाळणी आवडली, दारावरच्या आकड्याचा तर त्यांनी फोटो काढला. मग त्यांनी पंपाच्या पेटीतलं मीटर वाचलं आणि आम्ही पाठवलेल्या अर्जातला मीटरचा आकडा बघितला. दोन्ही जुळेनात.

ऑफिसात सगळे बसलो. अध्यक्ष, दोघे तपासनीस, मी. काका दाराशी उभे, कारण खुर्ची कुणी दिलीच नाही. बाईंनी शांतपणे विचारलं, "पंप कुणी चालू केला?"

तोंड उघडायचं होतं, शपथ. पण मी समोरचा अर्ज उलटसुलट करत राहिले. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाले, "मी केला. कोपरा वाळत होता. राहवलं नाही."

बराच वेळ काका माझ्याकडेच बघत होते. मी टेबलावरचा पेन सरळ करत बसले.

मग अध्यक्षांनी काकांचे वाभाडे काढले. "तुमच्यावर विश्वास ठेवला आम्ही!" असं काय काय. तपासनीस म्हणाले, ही एका माणसाची चूक आहे, क्लबची नाही. प्रमाणपत्र मिळालं. माझा फोटोही निघाला. काकांच्या कमरेची किल्ली अध्यक्षांनी काढून घेतली आणि, काय सांगू तुम्हाला, सांभाळायला माझ्याकडे दिली. बाहेर आले तर काका दारावरचा आकडा पुसत होते. तिथे त्यांनी शून्य लिहिलं. मोठं, नीट, गोल.

दोन वर्षं झाली त्याला. पोरं त्यांना अजून चिडवतात, "डॉक्टर, आज चोरून सलाईन लावलं का?" ते पूर्वीसारखं उलट बोलत नाहीत. दवाखान्यातून बऱ्या होऊन आलेल्या काकूंनी मला एकदा बाजारात गाठून विचारलं, "त्या दिवशी तर हे दिवसभर माझ्यापाशी होते हो. मग पंप कधी चालू केला?" मी घाईत असल्याचं दाखवून सटकले. इतकी निर्लज्ज मी.

काल मात्र हा लेख लिहिता येईना म्हणून अवजारांच्या खोलीत गेले. काका गवत कापायच्या यंत्राच्या पात्याला तेल लावत होते. मी दारातच म्हटलं, "काका, माझं चुकलं. तुम्ही मला वाचवलंत आणि मी गप्प बसले."

त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"वाचवायला नव्हतो बोललो मी," ते म्हणाले. "तुम्हाला एकदम सुचत नव्हतं, घाबरला होतात. म्हटलं, जरा वेळ काढू. तोवर तुम्ही उठाल, म्हणाल, 'नाही हो, मीच केला.' मी वाट बघत होतो, ताई."

काकांनी फडकं उचललं आणि पुन्हा पात्याला तेल लावायला लागले.

हे मी अंकासाठी लिहितेय. त्याआधी निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर, काकू समोर बसलेल्या असताना, वाचूनही दाखवणार आहे. प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवून महासंघाला परत पाठवलंय, सोबत पत्र जोडून. किल्ली आज सकाळी काकांच्या हातात दिली. त्यांनी ती कमरेला लावली. उरले नऊ दिवस.

पंप मी चालू केला होता.