आमच्या माळाची वाईन

सुनेनं शिरूरच्या आमच्या माळावर सिरा नावाची काळी द्राक्षं लावली. मणी बारीक, साल जाड, आत बीच जास्त.

"ही कोण खाणार?" मी विचारलं.

"खायची न्हाईत आत्या, वाईनची हायती."

तोडणीआधी त्यांना पाणी कमी द्यायचं, असं तिनं बजावलं होतं. मणी तहानले की चव घट्ट होते म्हणे. पण माझा जन्म टँकरमागं पळण्यात गेला. बोअरला पाणी असताना मान टाकलेली पानं मला बघवेनात. ती बीडला गेली त्या दिवशी मी दोन ओळींना पोटभर पाणी सोडलं. चार दिवसांत मणी टरारून फुगले.

"आत्या, हे काय केलं?"

"येली मरत व्हत्या."

"मरत न्हवत्या, पिकत व्हत्या!"

दोन दिवस ती ओळींतून मणी चाखत, पाणी कुठवर गेलं ते बघत फिरली. शेवटी त्या दोन ओळी तिनं वेगळ्या तोडल्या. त्यांचा रस आम्हीच प्यालो. बाकीचा माल वाईनवाल्याकडं गेला.

वर्षभरानं तो माणूस बाटली घेऊन घरी आला. आमची वाईन वेगळी भरायची की दुसऱ्या बागांच्या वाईनमध्ये ओतायची, ते त्या दिवशी ठरणार होतं. बाटलीवर आपल्या एकट्या माळाचं नाव यावं, यासाठी सून लावणीपासून झुरत होती. मला भीती, पाणी प्यालेली एखादी वेल तिच्या नजरेतून सुटली असली तर?

त्यानं ग्लास हलवला, हुंगला, चूळ भरून थुंकला.

"एवढं करून थुंकतोस कावून?"

"गिळत बसलो तर घरी कसा जाऊ, आजी?"

मग मीही घोट घेतला. गोड अजिबात नव्हती. आधी जांभूळ, मागून काळी मिरी, मग चुलीत भाजलेल्या वांग्याच्या सालीचा धूर. शेवटी जीभ तुरट होऊन टाळूला चिकटली. मी हे तसंच सांगितलं.

तो हसला. "मला हेच लिहायला दोन पानं लागली असती. ही चव दुसऱ्या कुठल्या बागेत नाही. मिसळायची नाही."

सून रडायला लागली.

"रडती कावून? वत आणखी."

तिनं डोळे पुसत ओतली. दुसऱ्या घोटाला मिरी मागं सरली आणि जांभूळ पुढं आलं. मला ती चव जास्त आवडली.